स्ट्रोक्सची एकच एलपी घ्यायची, तर 2001 ची की 2013 ची?

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या माझ्या भाच्याने घरातला जुना टर्नटेबल दुरुस्त करून घेतला आहे. साठवलेल्या पैशांत ‘द स्ट्रोक्स’ या न्यूयॉर्कच्या बँडची एकच एलपी, म्हणजे पूर्ण अल्बमची तबकडी, येणार असल्याने 2001 चा ‘इज धिस इट’ मागवावा की 2013 चा ‘कमडाउन मशीन’, असे त्याने मला विचारले. दुसरे नाव त्याच्या मनात आले याचेच मला नवल वाटले, कारण तो अल्बम जुन्या चाहत्यांनीही फारसा मनावर घेतला नव्हता.

पहिल्याविषयी नवे सांगण्यासारखे थोडेच आहे. अकरा गाणी जेमतेम 36 मिनिटांत संपतात, दोन गिटारी एकमेकींत घट्ट विणलेल्या आहेत आणि ड्रम घड्याळासारखे चालतात. मात्र निर्णयाच्या दृष्टीने एक तपशील महत्त्वाचा ठरतो: गायक ज्युलियन कासाब्लांकासचा आवाज सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या एका लहानशा अँप्लिफायरमधून मुद्दाम खरखरीत करून घेतलेला आहे, त्यामुळे फोनच्या स्पीकरवरही या अल्बमचे फारसे काही हरवत नाही.

‘कमडाउन मशीन’ची गोष्ट वेगळी आहे. आरसीए या रेकॉर्ड कंपनीशी असलेल्या करारातला हा शेवटचा अल्बम होता. बँडने त्यासाठी मुलाखती दिल्या नाहीत, दौरा केला नाही, आणि मुखपृष्ठही टेपच्या जुन्या खोक्यासारखे ठेवले, ज्यावर बँडच्या नावापेक्षा कंपनीचेच नाव ठळक दिसते. ज्यांनी केला तेच त्याच्याविषयी बोलेनात, तेव्हा श्रोत्यांनी ‘उरकून टाकलेले काम’ असा अर्थ काढला. त्यातच आधी प्रसिद्ध झालेल्या ‘वन वे ट्रिगर’मध्ये कासाब्लांकास एकदम उंच, कृत्रिम पट्टीत गातो, हे अनेकांना रुचले नाही. (आवाज बदलला म्हणजे गायक संपला, असे निदान आम्हा माळव्यातल्या लोकांनी तरी म्हणू नये. आजारपणानंतरची कुमार गंधर्वांची गायकी जिथे घडली ते देवास इथून तासाभराच्या वाटेवर आहे. तुलना योग्यतेची नाही, ऐकण्याच्या सवयीची आहे.)

दोष आहेतच. ‘ऑल द टाइम’मध्ये बँड स्वतःच्याच जुन्या ढंगाची नक्कल करतो आणि माझ्या मते नेमके तेच गाणे सर्वांत बेतलेले वाटते, ‘फिफ्टी फिफ्टी’चा गोंगाटही आजूबाजूच्या गाण्यांत खपत नाही. उलट जिथे ही मंडळी जुनी ओळख सोडून देतात, तिथे अल्बम उलगडत जातो. ‘चान्सेस’मधील हळुवार सिंथेसायझर, आणि शेवटच्या ‘कॉल इट फेट, कॉल इट कर्मा’मधील दुसऱ्या खोलीतल्या ग्रामोफोनवरून यावा तसा दबका, धूसर आवाज, या गोष्टी फोनवर जवळजवळ कळतच नाहीत.

बँड अजिबात परिचयाचा नसेल, तर निःशंकपणे ‘इज धिस इट’ घ्यावा. भाच्याला तो फोनवर ऐकून तोंडपाठ झाला आहे, आणि तिथे तो पुढेही चांगलाच वाजेल. म्हणून त्याला मी ‘कमडाउन मशीन’ मागवायला सांगितले आहे. फक्त ही हळुवार गाणी असलेली दुसरी बाजू आधी लावावी, आणि तीही सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून परतल्यावर, गल्लीतल्या गाड्यांचे हॉर्न थांबले की.