रॉडच्या कड्यांवरचा बर्फ आणि लूनची ‘आइस ऑफ’ पेस्ट

कडाक्याच्या थंडीत ट्राउट माशासाठी फ्लाय (गळावर बांधलेला नकली किडा) टाकायला गेलं की बराचसा वेळ रॉडच्या कड्यांतला, म्हणजे ज्यांतून लाइन (दोरी) जाते त्यांतला, बर्फ काढण्यात जातो. त्यासाठी अमेरिकेतल्या लून आउटडोअर्स कंपनीची ‘स्टॅन्लीज आइस ऑफ पेस्ट’ मिळते. छोटीशी डबी, आत मलमासारखा लेप. घ्यावी, असंच आमचं मत आहे. फक्त तिची मर्यादा आधी माहीत हवी.

न्यू मेक्सिकोत नावाहो धरणाखालची सॅन वान नदी जानेवारीतही वाहती असते. धरणातलं पाणी खोलातून सोडलं जातं आणि तिथे ते हिवाळ्यातही गोठणबिंदूच्या चार-पाच अंश वर असतं. हवा मात्र शून्याखाली. ओली लाइन आत ओढली की तिच्यावरचं पाणी कडीला पुसलं जातं आणि गार धातूवर लगेच गोठतं. टोकाकडच्या लहान कड्या आधी बुजतात. फेक तोकडी पडली तर एक वेळ चालेल. पण ६एक्सच्या टिपेटवर (फ्लाय बांधायच्या अगदी बारीक दोऱ्यावर) लागलेला मासा पळाला आणि लाइन सुटलीच नाही, तर टिपेट तुटणारच.

पेस्ट लावायची ती घरी, रॉड पूर्ण कोरडा असताना. नदीवर ओल्या कडीला ती नीट धरत नाही. लावायचीच झाली तर कडी आधी पुसून घ्या. कान साफ करायच्या कापसाच्या काडीवर तांदळाच्या दाण्याएवढी घ्या आणि कडीच्या आतून, बाहेरून, कडी रॉडला जोडणाऱ्या तिच्या पायांवरही पातळ फिरवा. टोकाची कडी आणि तिच्याखालच्या पाच-सहा कड्या अजिबात चुकवू नका. जाड थर देऊ नका. जादाची पेस्ट लाइनवर येते, तिला कचरा चिकटतो आणि लाइन घसरायची थांबते. मग बोटं स्वच्छ पुसूनच फ्लाय बांधा. मिज म्हणजे चिलटासारख्या किड्याची नक्कल असलेल्या, २० ते २४ नंबरच्या एवढ्याशा फ्लाय. तेलकट बोटं लागली तर त्या पटकन बुडत नाहीत, आणि हिवाळ्यातला ट्राउट तर तळाशी, संथ पाण्यात असतो.

शून्याच्या जरा खाली, दोन-तीन अंशांपर्यंत, ही पेस्ट चांगलं काम करते. बर्फ धरतो, पण सैल, बोटाने निघतो. लाइन सरकते तशी पेस्टही झिजते, म्हणून डबी खिशातच ठेवा. उणे आठ-दहाला मात्र ती बर्फ रोखत नाही, थोडा उशीर करते एवढंच. तिथे पद्धत बदलावी लागते: लांब फेका नि लाइन आत ओढा हे सोडून ठरावीक लांबीची लाइन बाहेर ठेवायची आणि रॉड उचलूनच निम्फ (पाण्याखाली वाहणारी फ्लाय) वाहवायची. कड्यांतून लाइन गेलीच नाही तर पाणी येणार कुठून? या सवयीला आम्ही पेस्टपेक्षा जास्त गुण देऊ.

कडी बुजलीच तर रॉडचं टोक काही सेकंद नदीत बुडवा. पाणी हवेपेक्षा गरम असतं, बर्फ सुटतो. रील बुडवू नका, आत पाणी गेलं तर तीच गोठते. आणि बर्फ नखाने किंवा दाताने फोडायला जाऊ नका, त्यात कडी वाकते, कधी टोकच मोडतं.

व्हॅसलीन स्वस्त पडतं, पण पेट्रोलियमचे पदार्थ लाइनच्या पीव्हीसी आवरणाला मानवत नाहीत. ओठांना लावायचा मेणाचा बाम अडीनडीला चालतो, टिकतो कमी.

हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यासाठी ही डबी घ्यायचं कारण नाही: तिथे ट्राउटच्या विणीसाठी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते. कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिकोकडे राहणाऱ्यांनी मात्र डिसेंबरआधी एक घेऊन ठेवावी. एवढीशीच लागत असल्याने ती एका हिवाळ्यात संपायची नाही.