नौपाड्यातील वाचनालयाची घरपोच सेवा आणि इरेन जोलिओ-क्युरी
ठाण्यात नौपाड्यातील एका लहान वाचनालयाची घरपोच पुस्तकसेवा मी वर्षभर घेत आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ इरेन जोलिओ-क्युरी यांच्याविषयी वाचायचे आहे असे कळवल्यावर ग्रंथपालबाईंनी त्यांच्या आईच्या, म्हणजे मारी क्युरींच्या, चरित्रावर बोळवण न करता किरणोत्सर्गावरची दोन पुस्तके आणि विज्ञान मासिकाचा एक जुना अंक शोधून पाठवला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

त्या अंकातील १९३४च्या प्रयोगाचे वर्णन मी तीनदा वाचले. इरेन आणि फ्रेडरिक या दांपत्याने ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर पोलोनियम या किरणोत्सर्गी मूलद्रव्यातून निघणाऱ्या अल्फा कणांचा (म्हणजे हेलियम अणूंच्या केंद्रकांचा) मारा केला. पोलोनियम दूर नेल्यावरही पत्र्यातून पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखे, पण धनभारित कण) निघतच राहिले, कारण त्यातील काही अणू सुमारे अडीच मिनिटे अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) असलेल्या किरणोत्सर्गी फॉस्फरसमध्ये बदलले होते. कृत्रिम किरणोत्सर्गाच्या या शोधासाठी दोघांना १९३५चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. फ्रान्समध्ये स्त्रियांना मताधिकारही नव्हता, त्या काळात, १९३६ मध्ये, इरेन सरकारात वैज्ञानिक संशोधनाच्या उपमंत्री झाल्या, हे तर मला नव्यानेच समजले.

अंकाची बांधणी सुटलेली होती आणि शेवटची दोन पाने गहाळ होती. असे दुर्मीळ अंक देण्यापूर्वी तपासून पुन्हा बांधून घ्यायला हवेत. वर्गणी मात्र रास्त आहे आणि पुस्तके ठरल्या दिवशी येतात.