सुती टी-शर्ट: सूत चांगले, वीण त्याहून चांगली, शिवण मात्र वाकडी

‘शंभर टक्के कॉटन, सिंगल जर्सी, १८० जीएसएम, कोम्ब्ड सूत, बायोवॉश’ एवढा मजकूर छापलेला अर्ध्या बाह्यांचा एक टी-शर्ट मी गेल्या उन्हाळ्यापासून वापरतो आहे (सिंगल जर्सी म्हणजे एकेरी साधी वीण, जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन). ग्राहक त्या मजकुरातले बहुधा पहिले दोन-तीन शब्दच वाचतो. अंगाला जे जाणवते ते मात्र उरलेल्या शब्दांवर अधिक अवलंबून असते.

शर्टाचे सुती कापडही कापसाचेच असते, पण मागावर उभे-आडवे धागे घट्ट बसवलेले असल्यामुळे हात वर केला की ते काखेत आणि पाठीवर ओढ देते. टी-शर्टाच्या होजिअरी कापडात सुताचे फासे एकमेकांत ओवलेले असतात. ताण पडला की आधी फाशाचा आकार बदलतो, धाग्याला फारसे ताणावे लागत नाही, आणि म्हणूनच इलॅस्टेनचा (रबरासारख्या ताणणाऱ्या कृत्रिम तंतूचा) अंशही नसताना हा टी-शर्ट अंगाबरोबर हलतो. गळ्याला रिब वीण दिली आहे, हे योग्यच झाले, कारण ती आडवी भरपूर ताणते आणि पुन्हा आवळते. गळा अजून सैल झालेला नाही. विणाईच्या सुताला पीळ कमी असतो, कोम्बिंगमध्ये आखूड तंतू निघून जातात आणि बायोवॉशमध्ये सेल्युलेज विकर पृष्ठभागावरची लव कमी करते, त्यामुळे स्पर्श मऊ आहे व कापडावर गोळे जवळजवळ आलेले नाहीत. (बायोवॉश हा शब्द जाहिरातीचा वाटतो, पण येथे तो प्रामाणिक आहे.)

घामाच्या बाबतीत मत सरसकट देता येणार नाही. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून बैठ्या कामात येणारा हलका घाम यात त्रास देत नाही. धावताना मात्र हाच गुण उलटतो, कारण भिजलेले कापड जड होऊन पाठीला चिकटते आणि लवकर वाळत नाही. व्यायामासाठी मी हा टी-शर्ट सुचवणार नाही.

खरी तक्रार शिवणीची आहे. काही धुण्यांनंतर बाजूची शिवण पोटाकडे वळली, कारण एकेरी सुतातला पीळ पाण्यात मोकळा होऊ पाहतो आणि सिंगल जर्सीचे फासे तिरके होतात. दुपदरी सुताने किंवा काळजीपूर्वक फिनिशिंगने हा दोष बराच आटोक्यात राहतो, आणि एवढे चांगले सूत वापरणाऱ्या उत्पादकाने तेवढे कष्ट घ्यायला हरकत नव्हती. इंटरलॉक या दुहेरी विणीत असा तिरपेपणा सहसा येत नाही व कापलेली कडही गुंडाळत नाही, मात्र ते कापड जाड असल्याने कडक उन्हाळ्यात नकोसे होईल.

लांबीला तो थोडा आटलाही आहे; नेमक्या मापाचा आग्रह असणाऱ्यांनी एक माप मोठा घ्यावा आणि दोरीवर न टांगता आडवा पसरून वाळवावा.