रिप्ली की सारा कॉनर?
दादरच्या माझ्या भाचीला शनिवारी शेवटच्या लोकलने घरी परतल्यावर एकच नायिका पाहायची आहे: ‘एलियन’मधील (१९७९) रिप्ली की ‘द टर्मिनेटर’मधील (१९८४) सारा कॉनर? वेळेचा प्रश्न नाही. दोन्ही चित्रपट दोन तासांच्या आत संपतात. घडण मात्र निराळी आहे. रिप्ली पहिल्यापासूनच कर्तव्यकठोर अधिकारी असून, चेहऱ्याला परजीवी चिकटलेल्या सहकाऱ्याला अंतराळयानात घेण्यास ती ठाम नकार देते, आणि तरीही शेवटी मांजरासाठी जीव धोक्यात घालते. (मला तरी ती तिथेच जिंकते.) सारा पहिल्या भागात साधी वेट्रेस; ‘टर्मिनेटर’च्या १९९१च्या दुसऱ्या भागात उभ्या केलेल्या खाटेला लोंबकळून दंड कमावणारी तीच, हे पटायला क्षणभर लागतो. एका बैठकीत पूर्ण व्यक्तिरेखा हवी असल्यास रिप्ली निवडावी. रविवारही मोकळा असेल आणि माणूस बदलताना पाहायचा असेल, तर सारा.