सगळे स्पेशालिस्ट की एक फॅमिली डॉक्टर? दोन्ही करून बघितल्यावर

घरात शुगर, बीपी आणि वर गुडघेदुखी असलेलं माणूस असेल तर हा प्रश्न येतोच. आईसाठी आम्ही आधी प्रत्येक आजाराला वेगळा स्पेशालिस्ट धरला होता, आता फॅमिली डॉक्टर मुख्य आणि गरज पडली की त्यांच्या चिठ्ठीवर पुढे.

स्पेशालिस्टला त्याच्या विषयातलं जास्त कळतं, यात वादच नाही. फॅमिली डॉक्टर जपून चालतात, कधीकधी जरा अतीच, इन्सुलिनचा विषय काढला की 'पुढचं एचबीएवनसी येऊ दे' म्हणतात. ती टेस्ट साधारण दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगते त्यामुळे त्यात तथ्य आहे, पण शुगर फारच वर असेल तर तेवढं थांबण्यात अर्थ नाही.

मी वैतागलो ते औषधांच्या यादीवरून. पूर्ण यादी कोणीच बघत नाही हो! बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी आधीपासून चालू, त्यात हाडांच्या डॉक्टरांनी दुखण्यावर डायक्लोफिनॅक दिली. ही तीन एकत्र आली की किडनीला धोका असतो, हे बीपीच्या आणि हाडांच्या दोन्ही डॉक्टरांना माहीत असणारच, पण प्रत्येकजण आपापलाच कागद बघतो. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ताची टेस्ट) वाढलं तेव्हा एक म्हणाले त्यांना विचारा, दुसरे म्हणाले बीपीचं मी बघत नाही, आणि मधे फाइल घेऊन फिरणार आम्ही. शिवाय ॲसिडिटीची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी दोन चिठ्ठ्यांवर, ती आई दोन्ही घेत होती.

फॅमिली डॉक्टरांनी सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर मांडायला लावल्या, डायक्लोफिनॅक बंद करून पॅरासिटामॉल दिली, क्रिएटिनिन-पोटॅशियम परत करायला सांगितलं. रिपोर्ट सुधारला. आता तो गोळ्या कमी झाल्या म्हणून सुधारला की अजून कशाने, छातीठोक नाही सांगता येणार, पण मला तरी तेच वाटतं.

डायलिसिस, ट्रान्सप्लांट, कॅन्सर किंवा लहान मुलाचा टाइप वन डायबेटिस असेल तर मात्र त्या स्पेशालिस्टलाच मुख्य ठेवा, तिथे माझं ऐकू नका. बाकीच्यांनी डॉक्टर ठरवताना एवढंच विचारा, दुसऱ्याने लिहिलेली गोळी खटकली तर तुम्ही स्वतः त्यांना फोन कराल का? आमचे करतात, कुरकुरत का होईना.