आयरिश संसदेतला विरोध की पैसे न भरणं?

भाचीला आयर्लंड सरकारच्या काटकसरीवर, म्हणजे खर्चकपात आणि नव्या करांवर, निबंध लिहायचाय. त्याविरुद्ध संसदेत झालेला विरोध की लोकांनी पैसे न भरता टाकलेला बहिष्कार, जोर कशावर द्यावा, यावर ती अडलीये.

आधी परिणाम. २०११ च्या निवडणुकीत १६६ पैकी ११३ जागा नव्याने सत्तेत आलेल्या आघाडीकडे गेल्या. त्यामुळे २०१२ मध्ये घरामागे १०० युरो आकारणी आली, तेव्हा शिन फेन हा विरोधी पक्ष आणि डावे यांचा विरोध मतदानात टिकणारच नव्हता. लाखोंनी पैसे भरले नाहीत, तरी २०१३ मध्ये मालमत्ता कर आलाच, आणि तो थेट पगारातूनही कापता येई. पाणीपट्टी मात्र २०१६ मध्ये स्थगित झाली: रस्त्यावर मोर्चे होतेच, पण अल्पमतातल्या सरकारला फियाना फॉल या विरोधी पक्षाचा आधारही हवा होता.

जोखीम? दंडाची टांगती तलवार पैसे न भरणाऱ्या घरावर, खासदारावर नाही.

सरकार बहुमतात असेल तर बहिष्कारावर लिही. अल्पमतात असेल तर संसदेवर.