छतातला दिवा बिघडला: ड्रायव्हर बदलावा की अख्खा दिवा?

फॉल्स सीलिंगमधले दिवे एकाच दिवशी बसवलेले असले तरी बिघडतात एकेक करून. एखादा लुकलुकायला लागतो, एखादा बटण दाबल्यावर जरा थांबून लागतो, एखादा लागतच नाही. मग सल्लेही दोन मिळतात. एक म्हणतो, ड्रायव्हर (घरातली वीज एलईडीला चालेल अशी करून देणारी दिव्यामागची डबी) गेलाय, तेवढाच टाका. दुसरा म्हणतो, जुन्यात कशाला हात घालता, नवा दिवाच बसवा. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर असतात, पण त्याआधी दोष दिव्यात आहे की दिव्याबाहेर, हे पाहायला हवं.

आधी दिव्याबाहेर बघा

एकाच बटणावरचे सगळे दिवे एकदम लुकलुकत असतील, तर सगळ्यांचे ड्रायव्हर एकाच वेळी जाणं अवघड. अशा वेळी बटणातला सैल स्क्रू, न्यूट्रलचा (वीज परत नेणाऱ्या तारेचा) कच्चा जोड किंवा डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण), यांपैकी काहीतरी असतं. घरातले इतर दिवेही कमी-जास्त होत असतील, बटणापाशी चरचर ऐकू येत असेल किंवा जळका वास येत असेल, तर तुलना बाजूला ठेवा, एमसीबी (त्या लाइनची वीज तोडणारं बोर्डवरचं बटण) खाली करा आणि वायरमनला बोलवा.

डिमर असेल तर पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा. जुने डिमर तारेच्या बल्बसाठी बनवलेले असतात आणि नीट चालायला त्यांना ठरावीक किमान भार लागतो. समजा तो 40 वॅट आहे आणि त्यावर 7 वॅटचे चार एलईडी आहेत, म्हणजे भार झाला 28 वॅट. मग दिवे थरथरणारच. त्यात दिव्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलं नसेल तर डिमर कितीही चांगला असून उपयोग नाही. इथे ड्रायव्हर किंवा दिवा बदलण्याआधी डिमरच्या जागी साधं बटण लावून बघा.

बटण बंद केल्यावरही दिवा मंद मिणमिणत राहतो, ही तक्रारही बहुतेक वेळा दिव्याची नसते. बटणातला छोटा इंडिकेटर, शेजारून लांबवर गेलेल्या वायरमुळे येणारा किंचित विद्युतभार किंवा फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर बसवलेलं बटण, ही त्याची नेहमीची कारणं. पहिली दोन त्रासदायक असली तरी फारशी धोक्याची नाहीत. तिसरं मात्र लगेच दुरुस्त करावं, कारण तिथे बटण बंद असतानाही दिव्यापर्यंत फेज पोहोचलेला असतो.

अदलाबदलीची चाचणी

एकच दिवा बिघडला असेल तर निर्णयाचं निम्मं काम शेजारचा चालू दिवा करतो. एमसीबी बंद करा (नुसतं बटण नव्हे), वीज नाही याची टेस्टरने खात्री करा आणि काही मिनिटं थांबा, कारण ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) थोडा वेळ वीज साठून राहते. दोन्ही दिवे खाली ओढा. ड्रायव्हर आणि दिवा यांच्यामध्ये सहसा दोन पिनांचा छोटा कनेक्टर असतो. चालू दिव्याचा ड्रायव्हर बिघडलेल्या दिव्याला जोडा, मगच वीज सुरू करा. हा क्रम मोडू नका: आधी ड्रायव्हर चालू करून मग दिवा जोडला, तर रिकाम्या ड्रायव्हरचा वाढलेला व्होल्टेज एकदम एलईडीवर येतो आणि चांगला दिवाही जाऊ शकतो.

दिवा लागला तर दोष ड्रायव्हरचा, नाही लागला तर एलईडीच्या प्लेटचा, म्हणजे ज्या पट्टीवर छोटे एलईडी बसवलेले असतात तिचा. दोन्ही दिवे एकाच मॉडेलचे असतील तरच ही चाचणी करा. उलट्या दिशेने, म्हणजे संशयित ड्रायव्हर चांगल्या दिव्याला जोडून बघण्याच्या भानगडीत पडू नका.

घड्याळासारखं ठरलेल्या लयीत लुकलुकणं दिसलं की बरेच जण डोळे मिटून ड्रायव्हरला दोष देतात. पण पुढे प्लेटमध्ये बिघाड असला तरीही काही ड्रायव्हर स्वतःला वाचवण्यासाठी बंद-चालू होत राहतात. म्हणून चाचणीशिवाय ड्रायव्हर आणू नये.

ड्रायव्हर बदलणं

मोठा फायदा असा की छताला हात लागत नाही. भोक तेच, रिंग (दिव्याची छताला टेकणारी कड) तीच, आणि शेजारच्या दिव्यांशी रंगही जुळतो. दिवे फार जुने नसतील आणि प्लेट स्वच्छ पांढरी-पिवळी दिसत असेल, तर माझा कल याच बाजूला.

अडचण योग्य ड्रायव्हर मिळवण्याची. ‘12 वॅटचा द्या’ एवढं पुरत नाही. 300 मिलिअँपिअर गुणिले 40 व्होल्ट म्हणजे 12 वॅट, आणि 600 गुणिले 20 म्हणजेही 12 वॅटच, पण हे दोन ड्रायव्हर एकमेकांच्या जागी चालत नाहीत. जुन्याच्या लेबलवरचा आउटपुटचा मिलिअँपिअरचा आकडा तंतोतंत जुळवा. व्होल्टचा पल्ला, समजा 25 ते 42, जुन्याला सामावून घेणारा असावा. जास्त मिलिअँपिअरचा ड्रायव्हर लावला तर दिवा आधी झगझगीत दिसतो, मग तापून मरतो. कमी मिलिअँपिअरचा लावला तर उजेड कमी पडतो, बाकी नुकसान सहसा होत नाही. लेबल पुसलेलं असेल तर अंदाजाने ड्रायव्हर घेण्यात अर्थ नाही.

ड्रायव्हर जातो तो बहुधा उष्णतेने. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंश सेल्सिअस वाढीला साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ हिशोब आहे. म्हणून नवा ड्रायव्हर दिव्याच्या डोक्यावर किंवा इन्सुलेशनखाली दडपू नका. वायर पुरेल तेवढा बाजूला सरकवून ठेवा. एकाच जागचा ड्रायव्हर पुन्हा पुन्हा जात असेल, तर तिथे हवा खेळत नाही हे समजावं.

अख्खा दिवा बदलणं

प्लेटवर एखाद्या एलईडीच्या मधोमध काळा ठिपका दिसला, तर तो जळालेला असतो. बऱ्याच दिव्यांत एलईडी एकापाठोपाठ जोडलेले असतात, त्यामुळे एक तुटला की सगळी साखळी अंधारात जाते. अशा वेळी ड्रायव्हर बदलणं वाया. उजेड हळूहळू ओसरला असेल तरीही तेच. एलईडीचं आयुष्य बहुधा उजेड मूळच्या 70 टक्क्यांवर येईपर्यंतच मोजतात. तेव्हा मंदावलेला जुना दिवा बिघडलेला नसून वापरून संपलेला असू शकतो.

नवा दिवा घेताना रिंगचा व्यास सांगू नका. दिवा काढून भोकाचा व्यास मोजा, आणि वर किती खोली मिळते तेही. भोक थोडं मोठं झालं तर दिव्याचे स्प्रिंग धरत नाहीत आणि तो एका बाजूने लोंबायला लागतो. छत आणि रिंग यांच्यात आलेली फट पुष्कळदा तिथूनच सुरू होते.

रंगाचा प्रश्न मात्र सुटता सुटत नाही. 3000 केल्विन पिवळसर, 4000 मधला, 6500 निळसर पांढरा, एवढं सगळे सांगतात. पण डब्यावर आकडा तोच असूनही जुन्या रांगेत नवा दिवा वेगळा दिसू शकतो. बैठकीच्या खोलीत हे फार खुपतं, कपाटाच्या वरच्या दिव्यात कोणी बघत नाही. दिसत्या रांगेतला एक दिवा बदलायचा असेल, तर मी सगळी रांग बदलून चांगले निघालेले जुने दिवे पॅसेजला किंवा कोठीघरात लावेन.

या दोन्हींत न बसणारे

छतात 12 व्होल्टचे हॅलोजन असतील आणि फक्त बल्ब बदलून एलईडी घातले असतील, तर लुकलुकण्याचं कारण बहुधा जुना ट्रान्सफॉर्मर असतो. त्यालाही किमान भार लागतो आणि 5 वॅटचा एलईडी तो देत नाही. तिथे एलईडीला चालणारा 12 व्होल्टचा पुरवठा लावा.

जुन्या डब्यासारख्या दिव्यात बल्ब काही वेळ जळून आपोआप बंद होत असेल आणि थंड झाल्यावर पुन्हा लागत असेल, तर आतलं, जास्त तापल्यावर वीज तोडणारं बटण आपलं काम करतंय. ते काढून टाकायचं नाही. मर्यादेपेक्षा जास्त वॅटचा बल्ब किंवा वर पसरलेलं इन्सुलेशन यांपैकी एक कारण सापडेल.

न्हाणीघरातल्या दिव्यात आतून वाफ धरलेली दिसली, तर ड्रायव्हरवर वेळ घालवू नका. तिथे आयपी 44 किंवा, शॉवरच्या जवळ, आयपी 65 चा दिवा हवा (आयपीचा आकडा धूळ-पाणी किती रोखलं जातं ते सांगतो). आणि रिंगभोवती पिवळट डाग असेल तर वरून पाणी झिरपतंय. ती गळती थांबून छत वाळेपर्यंत त्या लाइनची एमसीबी बंदच ठेवा.